ईजीआर सेन्सरचा कोड परत परत येतोय? नवा व्हॉल्व्ह घ्यायच्या आधी अर्थिंग बघा

ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था, आणि कोड म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा आकडा. आधी माझी कर्मकहाणी सांगतो, मग काय कसं तपासायचं ते, कारण कहाणीतच निम्मं उत्तर आहे आणि ते मला स्वतःला कळायला दहा महिने आणि दोन व्हॉल्व्ह लागले.

गाडी म्हणजे माझा ट्रक, २०१८ चा, बीएस ४, सहा सिलिंडर, २४ व्होल्ट. निफाड तालुक्यातून कांदा भरायचा, वाशी मार्केटला खाली करायचा, परतीला कळंबोलीतून सळई मिळाली तर उत्तम, नाहीतर जे मिळेल ते. तर झालं असं की एका रात्री कसारा घाट चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये, मागे सळई पूर्ण लोड, एकदम गाडीचा जोरच गेला. म्हणजे बंद नाही पडली, पण अ‍ॅक्सिलेटर तळाला दाबला तरी इंजिन आपलं मरगळल्यासारखं घुरघुरतंय, डॅशवर पिवळी चेक लाईट, मागे गाड्यांची रांग आणि हॉर्नचा नुसता कल्ला. कडेला घेतली, क्लीनर पोरानं उतरून चाकामागे दगड लावला, इंजिन बंद केलं, दहा मिनिटं बिडी ओढली, परत चालू केली तर लाईट तशीच पण जोर परत आलेला. इगतपुरीपर्यंत काही नाही. मला वाटलं डिझेलमध्ये कचरा असेल.

पुढच्या फेरीला परत तेच. मग वर्कशॉपला नेली. नाव नाही घेत, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच चालतं. लॅपटॉप लावला, म्हणाले ईजीआर पोझिशन सेन्सर, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडलाय ते सांगणारा, गेलाय, सेन्सर वेगळा मिळत नाही, व्हॉल्व्हच्या डोक्यातच आहे, अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागेल. पाच आकडी बिल. बदलला. तीन आठवडे गाडी एकदम मक्खन. चौथ्या आठवड्यात परत कसाऱ्यात लाईट. परत गेलो, तर म्हणे पीस डिफेक्टिव्ह निघाला असेल, वॉरंटीत दुसरा टाकला, मजुरी मात्र घेतलीच. परत वीस-बावीस दिवस ठीक, आणि परत तेच.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण मी दिलं नव्हतं. नवीन पार्ट टाकल्यावर काही दिवस बरं चालतं आणि मग परत तोच कोड येतो, तेव्हा शंभरातल्या नव्वद जणांना वाटतं की पार्ट डुप्लिकेट आहे. मलापण तेच वाटलं. पण पार्ट बदलताना आणखी एक गोष्ट होत असते, कपलर म्हणजे वायरींचा जोड काढला जातो, वायर हलवली जाते, टाय तोडून नवीन मारला जातो, लॅपटॉपवरून जुना कोडपण पुसला जातो. म्हणजे दुरुस्ती पार्टमुळे झाली की त्या हलवाहलवीमुळे, हे कोणी बघतच नाही. माझ्या केसमध्ये ती हलवाहलवीच होती.

दुसरी खूण. लाईट फक्त चढाला यायची. कांदा भरून घाट उतरताना एकदाही नाही, सपाटीला शहापूर-भिवंडी पट्ट्यात एकदाही नाही, रिकामी चढताना पण नाही. लोड आणि चढ दोन्ही पाहिजे. सेन्सरला काय कळतंय घाट आहे का सपाटी? तापून बिघडत असेल म्हणावं तर मे महिन्यात भर दुपारी सपाटीवर पण इंजिन तापलेलंच असतं. पण चढाला लोड घेऊन दुसऱ्या गिअरला इंजिन जेव्हा पूर्ण ताकद लावतं तेव्हा ते फाउंडेशनवर, म्हणजे ज्या रबरांवर ते बसवलेलं असतं त्यांच्यावर, एका बाजूला कलतं. हे मला नाशिकच्या एका म्हाताऱ्या वायरमन काकांनी सांगितलं, आणि त्यांनीच शेवटी फॉल्ट काढला. त्यांच्या कामाची पद्धत बघण्यासारखी होती म्हणून सविस्तर लिहितोय.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, कोड कोणता? मी म्हटलं ईजीआर सेन्सर. तर म्हणाले, अरे बाबा ते भाषांतर झालं, आकडा सांग. आकडा होता पी ०४०६. हे सगळ्यांनी लिहून ठेवा, कारण वर्कशॉपवाले सगळ्यालाच "ईजीआरचा प्रॉब्लेम" म्हणतात आणि आकड्याआकड्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पी ०४०१ म्हणजे धूर पाहिजे तेवढा फिरत नाहीये, म्हणजे बहुतेक कार्बन. पी ०४०२ म्हणजे जास्त फिरतोय, व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. पी ०४०३ म्हणजे व्हॉल्व्ह चालवणारं सर्किट. पी ०४०४ म्हणजे व्हॉल्व्हला सांगितलं एक आणि तो गेला दुसरीकडेच. पी ०४०५ म्हणजे सेन्सरचा सिग्नल फार कमी, पी ०४०६ म्हणजे सिग्नल फार जास्त. काही गाड्यांना लॅपटॉपवर एसपीएन आणि एफएमआय अशी जोडी दिसते, तिथं एसपीएन २७ म्हणजे ईजीआर व्हॉल्व्हची पोझिशन, आणि एफएमआय ३ असेल तर व्होल्टेज जास्त, ४ असेल तर कमी, २ असेल तर आकडा उड्या मारतोय, ७ असेल तर मेकॅनिकल अडकलंय.

आता सिग्नल जास्त किंवा कमी म्हणजे काय ते समजून घ्या, अवघड नाहीये. पोझिशन सेन्सरला तीन वायरी. एक ५ व्होल्ट ईसीएम म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून येते, एक अर्थ परत ईसीएमकडे जाते, आणि मधली सिग्नल. व्हॉल्व्ह बंद असताना बऱ्याच गाड्यांत सिग्नल अर्धा ते एक व्होल्ट असतो, पूर्ण उघडला की चार-साडेचारच्या आसपास. काहींमध्ये उलटं असतं, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा. आता ५ व्होल्टची वायर तुटली तर सिग्नल खाली पडणार, ०४०५. आणि अर्थ तुटला तर सिग्नलला खाली ओढणारं कोणी राहत नाही, तो वर ५ व्होल्टकडे जातो, ०४०६. म्हणजे माझा कोड पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होता की अर्थ बघा अर्थ बघा, आणि आम्ही व्हॉल्व्ह बदलत बसलो. सेन्सर आतून जाऊन पण हा कोड येऊ शकतो, नाही असं नाही, पण दोन नवे सेन्सर एकाच पद्धतीनं, एकाच घाटात जातात का?

काकांनी मग लॅपटॉपवर फ्रीझ डेटा काढला. कोड पडला त्या क्षणाला इंजिन कुठल्या आरपीएमला होतं, लोड किती, कुलंटचं तापमान किती, हे ईसीएम साठवून ठेवतं. वर्कशॉपमध्ये हे कोणी उघडलंच नव्हतं, कोड वाचला, पुसला, बिल फाडलं. तिथं लोड जवळजवळ पूर्ण. काका नुसतं हं म्हणाले आणि फाउंडेशन रबर बघायला गाडीखाली गेले.

एक राहिलं, कोड वाचायचं किंवा लाईव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, बघायचं काम घरी करायचं असेल तर कारचं स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल २४ व्होल्टच्या गाडीला लावू नका. १२ व्होल्टसाठी बनवलेलं असलं तर डोंगल जळतं, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब समजा.

मीटरची टेस्ट अशी. इग्निशन ऑन, इंजिन बंद, व्हॉल्व्हचा कपलर काढलेला. माझ्या गाडीला पाच पिन आहेत, दोन मोटरच्या, तीन सेन्सरच्या. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल ५ व्होल्टच्या पिनला. ४.८ ते ५.२ पर्यंत काहीही आलं तरी ठीक. इथं कमी आलं तर लगेच व्हॉल्व्हवर जाऊ नका, कारण हा ५ व्होल्ट बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सेन्सर मिळून वापरतात, त्यातला दुसराच कुठला शॉर्ट असला तर सगळ्यांचं व्होल्टेज बसतं. एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या सेन्सरचे कोड आले असतील तर हेच असण्याची शक्यता जास्त, एकेक सेन्सरचा कपलर काढत जा, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतो तो चोर.

मग अर्थ. इथं सगळे चुकतात. मीटर बीपवर ठेवतात, वायरीच्या दोन टोकांना लावतात, बीप वाजला की म्हणतात वायर ओके. अहो, दहा तारांची वायर आत तुटून एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो! खरी टेस्ट म्हणजे कपलर जोडलेला, इग्निशन ऑन, कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक पिन घालून लाल प्रोब सेन्सरच्या अर्थ पिनला, काळा बॅटरी निगेटिव्हला, मीटर डीसी व्होल्टवर. ०.१ व्होल्टच्या खाली पाहिजे. जास्त आलं म्हणजे अर्थच्या वाटेत कुठंतरी अडथळा आहे. बॅटरीपासून चॅसीला आणि इंजिनला जाणारे जाड अर्थ पट्टेपण ह्याच पद्धतीनं बघून घ्या, सगळ्यात जास्त गंज तिथंच असतो.

माझ्या गाडीला आकडा आला ०.०४. एकदम बरोबर. माझं तोंड पडलं, म्हटलं आता काकापण म्हणणार व्हॉल्व्ह टाक. ते काही बोलले नाहीत. मीटर तसाच ठेवला, मला म्हणाले आकड्यावर नजर ठेव, आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, इंजिनकडून चॅसीकडे जिथं जातो तिथून हातानं हळूहळू वीतभर वीतभर सरकत वायर वाकवत, ओढत आले. ०.०४, ०.०४, ०.०५, ०.०४. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला एक लोखंडी पट्टी आहे, तिथं हार्नेस दोन टायनी करकचून बांधलेला होता. त्यांनी तिथं इंजिनच्या बाजूला नुसतं बोटभर ओढलं आणि मीटर १.८, मग ३ च्या वर, सोडलं की परत ०.०४. मला अजून तो आकडा डोळ्यासमोर दिसतो.

टेप उकलली तर बाहेरून वायर अगदी नवी कोरी, इन्सुलेशनला एक ओरखडा नाही. काकांनी ती वायर दोन बोटांत धरून ताणली तर एका जागी ती रबरासारखी लांबली. आत तांबं तुटलेलं, नुसतं इन्सुलेशन धरून होतं. ब्लेडनं सोललं तर दोन-तीन तारा टेकलेल्या, बाकी सगळ्या तुटून टोकं काळी पडलेली. म्हणजे उभ्या गाडीत टोकं एकमेकांना चिकटून बसायची, मीटर ओके दाखवणार. घाटात इंजिन कललं की हार्नेस ताणला जाणार, टोकं सुटणार, अर्थ गेला, सिग्नल वर, ईसीएमनं ताकद काढून घेतली.

आणि हे झालं कशामुळे? दीड वर्षापूर्वी क्लचचं काम केलं तेव्हा गिअरबॉक्स उतरवला होता, बसवताना कोणीतरी हार्नेसला ढील न ठेवता बांधून टाकला. वर फाउंडेशनचं एक रबर बसलेलं, त्यामुळे इंजिन जरा जास्तच हलत होतं. नवीन व्हॉल्व्ह टाकताना टाय तोडून परत बांधायचे, थोडी ढील मिळायची, म्हणून तीन आठवड्यांचं सुख. वर्कशॉपवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याच्या बिलावर "कोड वाचला, पार्ट बदलला" एवढंच असतं, वायर शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे द्यायला आपण कुरकुर करतो. काकांनी जी मजुरी घेतली ती सांगितली तर तुम्ही हसाल.

जोड कसा दिला तेपण सांगतो. मी म्हटलं सोल्डर करा पक्कं होईल. ते म्हणाले इंजिनवर सोल्डर नको, सोल्डरची वायर कडक होते आणि कंपनानं बरोबर त्याच्या शेजारी तुटते. खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवीन वायर घातली, दोन्ही टोकांना क्रिंप आणि वर गरम करून आवळणारी स्लीव्ह. शेजारच्या वायरीपण तपासल्या, सिग्नलच्या वायरीचंपण इन्सुलेशन कडक झालेलं होतं म्हणून तीपण बदलली, आणि दोन्ही जोड पुढेमागे ठेवले म्हणजे एकावर एक येऊन गाठ होत नाही. मग वळशाएवढी ढील सोडून सैल बांधलं. फाउंडेशनची दोन्ही रबरं नवीन.

कपलरचंपण बघा, माझ्या गाडीत तो चांगला होता पण बऱ्याच वेळा खेळ तिथंच असतो. आत हिरवट पावडर दिसली म्हणजे पाणी शिरलंय. वॉशिंग सेंटरला प्रेशरचं पाणी थेट इंजिनवर मारतात ना, त्याचा प्रसाद. कांद्याची माती निघावी म्हणून मीपण मारायला लावायचो, आता कॅबिनखाली मारूच देत नाही. पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पॉलिश पेपरनं घासू नका, वरचा मुलामा जातो. पिन ढिली आहे का ते बघायला त्याच मापाची सुटी पिन घालून बघा, ती स्वतःच्या वजनानं निसटली तर तो टर्मिनल बदला. आणि बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीच्या वायरी काढून, ईसीएमचा कपलर काढून मगच करायला सांगा. फाळक्याला एक टाका मारायचा म्हणून ईसीएम उडालेली गाडी मी डोळ्यांनी बघितलीय.

अर्थ ठीक, ५ व्होल्ट ठीक, मग सिग्नलची वायर. लाईव्ह डेटा चालू ठेवून कपलर काढा, पोझिशनचा आकडा बदलला पाहिजे. नाही बदलला तर हार्नेसच्या बाजूला सिग्नलची पिन सेन्सरच्या अर्थ पिनला जोडा, आकडा तळाला गेला पाहिजे. गेला तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, मग सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. नाही गेला तर वायर तुटलेली किंवा कुठंतरी दुसऱ्या वायरीला टेकलेली. फक्त पिन नीट ओळखून करा, ५ व्होल्ट आणि अर्थ चुकून एकत्र जोडू नका, आणि मोटरच्या दोन पिनांना तर हातच लावू नका.

आता कार्बनबद्दल, कारण ०४०१ आणि ०४०४ वाल्यांचं दुखणं वेगळं. ईजीआर म्हणजे काय तर सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडायचा, त्यानं आत ऑक्सिजन कमी पडतो, जळताना तापमान कमी राहतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. बीएस ४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस ६ आलं १ एप्रिल २०२० ला, आणि मोठ्या डिझेल इंजिनांची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ३.५ वरून ०.४ ग्रॅम प्रति किलोवॅट तासावर आली, त्यामुळे बीएस ६ ला ईसीएम ह्या बाबतीत कसलीच माया करत नाही. पण धूर परत फिरवायचा म्हणजे काजळी आलीच, आणि त्यात टर्बोचं किंवा ब्रीदरचं ऑइल मिसळलं की डांबर तयार होतं. व्हॉल्व्ह त्यात अडकतो, सेन्सर बिचारा खरं सांगतो की बंद व्हायला सांगितलं पण झालो नाही, आणि आपण सेन्सरलाच बदलतो.

साफ करताना गाडी थंड पाहिजे. व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनर आणि मऊ ब्रश, मोटरचं डोकं वरच्या बाजूला धरा म्हणजे क्लीनर आत उतरत नाही. अडकलेली चकती स्क्रू ड्रायव्हर घालून जबरदस्तीनं उघडू नका, आतले प्लास्टिकचे दात जातात आणि मग खरोखरच नवीन व्हॉल्व्ह. पॅकिंग दर वेळी नवीन. काही गाड्यांत साफसफाईनंतर लॅपटॉपवरून व्हॉल्व्हला त्याची बंद जागा परत शिकवावी लागते, ते न करता बाहेर पडलात तर कोड दारातच परत येतो. ज्यांच्या गाडीला प्रेशरचा फरक मोजणारा सेन्सर आहे, दोन बारीक पाइपवाला, त्यांनी ते पाइप काढून तारेनं साफ करावेत, पण सेन्सर जोडलेला असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला पडदा फाटतो. आणि पाइप अदलाबदल होऊ देऊ नका, आधी खूण करा.

कार्बन कोरडा असेल तर घासून भागतं. ओला, चिकट असेल तर कारण शोधा: एअर फिल्टर, टर्बोच्या पाइपची गळती, इंजेक्टर. आणि बाहेर कुठं गळती नसताना कुलंट कमी होत असेल, सकाळी पांढरा धूर येत असेल तर ईजीआर कूलर, म्हणजे तो धूर थंड करणारा भाग, फुटलेला असू शकतो, तिकडे दुर्लक्ष केलं तर पाणी सिलिंडरमध्ये जाऊन इंजिनचाच सत्यानाश. कुलंटऐवजी बोअरचं पाणी भरणाऱ्यांचे कूलर आधी जातात, क्षार धरतात.

प्लेट मारून ईजीआर बंद करायचा सल्ला तुम्हाला दर दुसऱ्या गॅरेजला मिळेल. मलापण मिळाला होता. माझ्या फॉल्टला त्यानं काय फरक पडणार होता सांगा, वायर तर तुटलेलीच राहणार होती, वर धूर फिरत नाही म्हणून ०४०१ चा आणखी एक कोड. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दहा हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

काम होऊन सात महिने झाले, कसारा किती वेळा चढलो मोजलं नाही, ०४०६ नाही आला. मधे एकदा लाईट लागली तेव्हा पोटात गोळा आला, पण तो ०४०१ निघाला, रविवारी दुपारी घरीच व्हॉल्व्ह काढून साफ केला. वॉरंटीत बदललेला पीस वर्कशॉपवाल्यांनी परत घेतला, पण गाडीचा मूळ व्हॉल्व्ह मी हट्टानं मागून घेतला होता. काकांनी तो टेबलावर लावून बघितला, एकदम ठणठणीत आहे. आता सीटखाली पोत्यात गुंडाळून ठेवलाय.